घरगुती धंद्याचा फोन नंबर : वेगळा, स्वस्त आणि आपल्याच नावाचा

आमच्या वस्तीत एक ताई शिवणकाम करतात. घर एका खोलीचे. खिडकीपाशी मशीन, शेजारी कपड्यांची गाठोडी आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली मापांची वही. ब्लाउज, परकर, फॉल-पिको अशी सगळी कामे त्या करतात. दुकान नाही, दारावर पाटी नाही. शिवलेले कपडे ज्या पिशवीतून देतात, त्या पिशवीवर रबरी शिक्क्याने उमटवलेला एक फोन नंबर, एवढीच त्यांची जाहिरात. चार वर्षांत त्या एका नंबरावर आजूबाजूच्या तीन वस्त्यांतल्या बायका त्यांना ओळखू लागल्या.

मार्चअखेरीस एके दिवशी बसच्या गर्दीत ताईंचा फोन चोरीला गेला. दिवस कोणते, तर १४ एप्रिलच्या आधीचे. पांढऱ्या साड्यांवरचे ब्लाउज शिवून घ्यायला याच दिवसांत झुंबड उडते. ताई दुसऱ्याच दिवशी मोबाइल कंपनीच्या गॅलरीत गेल्या आणि त्याच नंबराचे नवे सिम मागितले. काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरवर पाहिले आणि सांगितले, "मावशी, हे सिम तुमच्या नावावर नाही. ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या."

तेव्हा ताईंना आठवले. सिम घेतले त्या वेळी त्यांच्या आधार कार्डावर नावाची चूक होती, म्हणून पुतण्याने आपल्या नावावर सिम काढून दिले होते. पुतण्या आता सुरतेला कामाला. त्याला सुटी मिळाली ती मे महिन्यात. तोवर जी बाई फोन करी तिला नंबर बंद असल्याचेच ऐकू येई. ताईंनी काम सोडले असे समजून बायका दुसरीकडे गेल्या.

यात कोणी कोणाला फसवले नाही. पुतण्या भला, ताई कष्टाळू, काउंटरवरचा मुलगा नियमाप्रमाणेच वागला. तरीही हंगाम बुडाला. वाचक बंधू-भगिनींनो, घरी बसून चार पैसे मिळवणाऱ्या माणसाचा फोन नंबर हेच त्याचे दुकान असते. दुकान भाड्याने घेताना आपण दहा जणांना विचारतो, पावती मागतो. नंबर मात्र कोणीतरी आणून दिला की खिशात टाकतो. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहिणे जरूर वाटले.

'पी. पी.'ची सवय

पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना लग्नपत्रिकेवरचा 'पी. पी.' आठवत असेल. नंबरापुढे ही दोन अक्षरे असली की समजायचे, फोन आपला नाही, शेजाऱ्याचा किंवा वाण्याचा आहे. तो निरोप देईल किंवा पोरगा पाठवून बोलावून घेईल. मुंबई आणि दिल्लीसाठी १९८६ साली महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले, तरी घरी फोन लागायला लोकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे. कामगार वस्तीत फोन म्हणजे नाक्यावरचा पिवळा पी.सी.ओ.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलून देशातल्या मोबाइल सेवेचा आरंभ केला. पण तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडत. १ मे २००३ पासून येणारा फोन फुकट झाला आणि मग रंगाऱ्यापासून भाजीवालीपर्यंत सर्वांच्या हाती मोबाइल आला.

पी. पी.चे दिवस गेले, पण पी. पी.ची सवय मात्र गेली नाही. आजही कितीतरी घरांत बायको डबे करते आणि डब्यांच्या पत्रकावर नंबर नवऱ्याचा असतो. तो दिवसभर कारखान्यात. गिऱ्हाईक फोन करते, यंत्राच्या आवाजात त्याला ऐकू येत नाही, आणि रात्री घरी येईपर्यंत निरोप विसरतो. कुठे नंबर मुलाचा असतो, कुठे भावाचा. काम एकाचे आणि नंबर दुसऱ्याचा, ही जुनी पी. पी.च झाली. फरक इतकाच की ती दोन अक्षरे आता कोणी छापत नाही.

वेगळा नंबर हवाच का?

काम नुकतेच सुरू केले असेल, महिन्याला चार-सहा ऑर्डरी येत असतील, तर लगेच नवा खर्च करू नये. आपल्या नावावर असलेला चालू नंबरच द्यावा. पण काम नियमित झाले, पत्रके छापायची वेळ आली, की त्याआधी धंद्याचा नंबर वेगळा करावा. छापल्यानंतर नव्हे.

याला तीन कारणे आहेत. पहिले, धंद्याचा नंबर चारचौघांत जातो. विजेच्या खांबावर चिकटतो, पिशवीवर छापतो, अनोळखी माणसांच्या हाती पडतो. बँकेचे ओटीपी ज्या नंबरावर येतात तो नंबर असा उघड्यावर न टाकलेला बरा. दुसरे, घरचा फोन घरात फिरत असतो. मुले त्यावर खेळतात, अभ्यासाला घेतात, आणि नेमका गिऱ्हाइकाचा फोन कापला जातो. तिसरे कारण हिशेबाचे. धंद्याच्या फोनला महिन्याला किती पैसे लागतात हे वेगळे कळले, तरच ते आपल्या दरात धरता येतात.

कोणते पर्याय, कोणाला परवडणारे

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे हातात असलेल्या फोनमध्ये दुसरे सिम. आजचे बहुतेक फोन दोन सिमचे असतात. नवा फोन घ्यावा लागत नाही, खर्च फक्त सिमचा आणि रिचार्जचा. एक अडचण लक्षात ठेवावी. पुष्कळ फोनमध्ये एका सिमवर बोलणे चालू असता दुसरे सिम लागत नाही. म्हणून गिऱ्हाइकाच्या वेळेत घरच्या गप्पा आवरत्या घ्याव्यात.

दुसरा मार्ग, साधा बटणांचा फोन घेऊन धंद्याचे सिम त्यात टाकावे. स्मार्टफोन मुलीने अभ्यासाला नेला तरी बटणांचा फोन मशीनपाशी किंवा चुलीपाशी वाजत राहतो, आणि एकदा चार्ज केला की पुष्कळ वेळ टिकतो. मात्र एखाद्या कंपनीची सेवा फक्त फोर-जी आणि त्यापुढची असेल, तर तिचे सिम जुन्या टू-जी फोनमध्ये चालत नाही. फोन आणि सिम एकमेकांना जुळतात का, हे दुकानातच घालून पाहावे.

तिसरा मार्ग घरच्या तारेच्या फोनचा. इंटरनेटसाठी घरात तार घेतली असेल तर तिच्याबरोबर असा नंबर बहुधा मिळतो. मुंबईचा ०२२, पुण्याचा ०२०, नागपूरचा ०७१२. शिकवणी घेणाऱ्यांना किंवा टायपिंगची कामे करणाऱ्यांना तो शोभतो. पण तारेचा नंबर जागेशी आणि कंपनीशी बांधलेला असतो. मोबाइलप्रमाणे तो दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने, अकरा महिन्यांनी घर बदलावे लागणाऱ्याने तो पिशवीवर छापू नये.

१८०० पासून सुरू होणारे टोल-फ्री नंबर मोठ्या कंपन्यांचे पाहून काही तरुण मंडळींना वाटते, आपलाही असावा. या नंबरावर फोन करणाऱ्याला पैसे पडत नाहीत, ते नंबरवाल्याला पडतात. आता गिऱ्हाइकांच्या रिचार्जमध्ये बोलणे बहुधा अमर्याद असते, तेव्हा त्याचे फुकट बोलणे आपल्या खिशातून कशाला? भाड्याने मिळणारे व्हर्च्युअल नंबर, ज्यात 'एक दाबा, दोन दाबा' ऐकू येते, तेही दहा माणसे फोन घ्यायला बसलेल्या कचेरीसाठी. एकट्या माणसाला त्याचे मासिक भाडे म्हणजे विनाकारण भुर्दंड.

पोस्टपेड घ्यावे का, असेही विचारले जाते. पोस्टपेडच्या जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा चढतो, तर प्रीपेडच्या किमतीत तो धरलेला असतो. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांना धंद्याच्या बिलावरच्या कराची वजावट मिळू शकते. घरगुती डबेवाल्या ताईंना ती नोंदणीच नाही, तर वजावट कसली? त्यांना प्रीपेडच बरे. पैसे आधी दिले की महिनाअखेर बिलाची धास्ती नाही.

घेण्याआधी रेंज पाहा

स्वस्त सिम घेतले आणि घरात रेंजच नाही, तर ते सर्वांत महाग पडले. चाळीच्या तळमजल्यावर, पत्र्याच्या घरात, डोंगरउतारावरच्या वस्तीत एकाच गल्लीत एका कंपनीची रेंज मिळते, दुसरीची नाही. म्हणून सिम घेण्याआधी शेजाऱ्यांचे दोन-तीन कंपन्यांचे फोन आपल्या घरात आणावेत आणि जिथे बसून काम करतो तिथूनच, दार लावून, बोलून पाहावे. दारात उभे राहून पाहिलेल्या रेंजचा उपयोग नाही.

फॅन्सी नंबरासाठी जादा पैसे घालवू नयेत. दुकानदाराकडे नंबरांची यादी असते, तिच्यातून निवडून घ्यावा. सांगायला आणि ऐकायला सोपा असावा, एवढे बास. मराठीत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद हे शब्द फोनवर हमखास चुकीचे ऐकले जातात. हिंदी बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचा तर उनसठ-उनहत्तरमध्ये आणखी गोंधळ. नंबर सांगताना एकेक आकडा सुटा सांगावा, पाच आकड्यांनंतर थांबावे आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यावा. ज्यात एकच आकडा दोन-तीनदा जोडीने येतो असा नंबर पटकन पाठ होतो.

रिचार्जचा हिशेब वहीत मांडा

आता पैशाचा भाग. आलेल्या फोनला २००३ पासून पैसे पडत नाहीत हे खरे, पण २०१८ च्या अखेरीपासून कंपन्यांनी किमान रिचार्जची पद्धत आणली. रिचार्जची मुदत संपली की आधी जाणारे आणि काही दिवसांनी येणारे फोनही बंद होतात. तेव्हा 'आम्हाला तर फक्त फोन घ्यायचेत, रिचार्ज कशाला' हे आता चालत नाही.

बहुतेक लहान रिचार्ज २८ दिवसांचे असतात. आपण त्याला महिना म्हणतो, पण तो महिना नव्हे. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला १२ नव्हे तर १३ रिचार्ज होतात. समजा असा रिचार्ज २०० रुपयांचा आहे. वर्षाचे २,४०० होतील असे आपण धरतो, प्रत्यक्षात २,६०० जातात. दिवसाला सात रुपयांच्या वर. त्याऐवजी समजा वर्षभराचा रिचार्ज १,८५० रुपयांना मिळाला, तर दिवसाला पाच रुपये सात पैसे पडतात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. दर बदलत असतात, म्हणून पद्धत शिकून घ्यावी : रिचार्जची किंमत भागिले मुदतीचे दिवस. जो आकडा लहान, तो रिचार्ज स्वस्त. जाहिरातीतल्या मोठ्या अक्षरांकडे पाहू नये.

दोन नियम गिऱ्हाइकाच्या बाजूचे आहेत. जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा एक तरी आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा एक तरी रिचार्ज ठेवावा असा आदेश दिला. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक नियम केला. ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणे आणि एसएमएस यांचा वेगळा रिचार्ज असावा, आणि अशा खास रिचार्जची मुदत ९० ऐवजी ३६५ दिवसांपर्यंत ठेवता यावी. दुकानदार हा रिचार्ज आपण होऊन सांगेलच असे नाही. आपणच मागावा.

इथे खरी बचत आहे. धंद्याच्या सिमवर इंटरनेट घेण्याची गरज नाही. घरच्या सिमवर इंटरनेट आहे ना? मग दोन सिमच्या फोनमध्ये धंद्याच्या नंबराचे व्हॉट्सअॅपसुद्धा त्याच इंटरनेटवर चालते. व्हॉट्सअॅपला नंबर लागतो तो नोंदणीसाठी. इंटरनेट कोणत्या सिमचे आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. दोन्ही सिमवर इंटरनेटचे रिचार्ज मारणे म्हणजे एकाच घरात दोन वीजमीटरचे बिल भरणे.

हा खर्च दरात धरावा. दिवसाला पाच रुपये म्हणजे महिन्याला दीडशे. महिन्याला तीस ब्लाउज होत असतील तर एका ब्लाउजमागे पाच रुपये फोनचे. दोरा, हुक, वीज यांचा हिशेब आपल्या बायका चोख ठेवतात, पण फोनचा खर्च घरखर्चात मुरतो आणि कमाई आहे त्यापेक्षा मोठी दिसते. वहीत फोनचे एक पान वेगळे असावे.

नाव कोणाचे?

आता मूळ मुद्दा. सिम ज्याच्या नावावर, नंबर त्याचा. रिचार्जचे पैसे तुम्ही दहा वर्षे भरलेत तरी कागदोपत्री तुम्ही कोणी नव्हेत. फोन हरवला, सिम खराब झाले, कंपनी बदलायची झाली, प्रत्येक वेळी ज्याच्या नावावर सिम आहे त्याचीच ओळख विचारली जाते. नात्यात कटुता आली, माणूस परगावी गेला किंवा जगातून गेला, तर चालता धंदा अडतो.

म्हणून काम करणाऱ्या बाईने स्वतःचे आधार कार्ड घेऊन स्वतः गॅलरीत जावे. वय १८ पूर्ण हवे. फोटो निघतो, ओळख पटवली जाते, आणि सिम तिच्या नावावर होते. आधारवर नावाची चूक असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्यावी. 'तात्पुरते माझ्या नावावर घेऊ' या तात्पुरत्याचीच वर्षे होतात.

नावाचा आणखी एक उपयोग आहे. फोन वाजताना करणाऱ्याचे नाव पडद्यावर दिसावे, आणि ते नाव ग्राहकाच्या अर्जावरचे असावे, अशी शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. म्हणजे डब्यासाठी आपण गिऱ्हाइकाला फोन करावा आणि तिकडे भलत्याच माणसाचे नाव उमटावे, असे व्हायला नको.

नंबर आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल तर घाबरून तो सोडू नये. त्याच नंबराचे नाव बदलून घेता येते. जुना मालक आणि नवा मालक या दोघांची संमती व ओळखपत्रे लागतात. मालक वारला असेल तर वारसांना मृत्यूचा दाखला देऊन तो आपल्याकडे घेता येतो. सर्व गोडीगुलाबीत असते तेव्हाच हे काम उरकावे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या आधारवर दुसऱ्याला सिम काढून देऊ नये. एका माणसाच्या नावावर देशाच्या बहुतेक भागांत ९ पर्यंत जोडण्या असू शकतात. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत हे सरकारच्या 'संचार साथी' या सेवेवर पाहता येते. ही सेवा मे २०२३ मध्ये सुरू झाली. अनोळखी नंबर दिसला तर 'हा माझा नाही' अशी तक्रार तिथेच करता येते. चोरीला गेलेला फोन कोणत्याही सिमवर चालू नये म्हणून बंद करण्याची सोयही तिथे आहे.

पाटीचे काम व्हॉट्सअॅपवर

व्हॉट्सअॅप बिझनेस हे वेगळे अॅप २०१८ पासून आहे आणि ते फुकट मिळते. साधे व्हॉट्सअॅप घरच्या नंबरावर आणि बिझनेस धंद्याच्या नंबरावर, अशी दोन्ही एकाच फोनमध्ये राहतात. पण एकच नंबर दोन्हीकडे नोंदवता येत नाही. त्यात धंद्याचे नाव, कामाच्या वेळा, मालाचे फोटो आणि दर लावता येतात. गिऱ्हाइकाला आपोआप पहिले उत्तर जाते आणि रात्री उशिरा आलेल्या निरोपाला 'सकाळी ९ नंतर बोलू' असे कळवले जाते. तारेच्या फोनचा नंबरही तिथे चालतो. खात्रीचा कोड त्यावर फोन करून सांगितला जातो.

घरी एकट्या असणाऱ्या बायकांनी पत्त्यात खोली क्रमांक लिहू नये. वस्ती आणि जवळची खूण पुरे. सहा आकडी पिन लावून ठेवावी, म्हणजे दुसरा कोणी आपल्या नंबरावर व्हॉट्सअॅप उघडू शकत नाही.

नंबर जपावा कसा?

नवे सिम फुकट मिळते, त्यावर महिनाभराचे बोलणे मोफत, म्हणून नंबर बदलणारे पुष्कळ आहेत. शंभर-दोनशे वाचवायला जावे आणि जमवलेली गिऱ्हाइके घालवावीत, हा तोट्याचा सौदा. कंपनी नको असेल तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे आणि ३ जुलै २०१५ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले तरी मिळते. 'पोर्ट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० वर एसएमएस करावा. जो कोड येतो तो नव्या कंपनीला द्यावा. फोन खात्याच्या हिशेबात मुंबई एक क्षेत्र आणि महाराष्ट्र-गोवा दुसरे. त्याच क्षेत्रात कंपनी बदलायला ३ कामकाजाचे दिवस, दुसऱ्या क्षेत्रात ५ दिवस लागतात. मात्र सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावेत.

बाळंतपणाला किंवा गावी शेतीच्या कामाला गेल्यावर धंद्याचे सिम पेटीत पडून राहते. सलग ९० दिवस वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून ३० दिवस वाढवून देण्याचा नियम आहे. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जातो. मग आपल्या पिशवीवरच्या नंबरावर कोणी परकाच बोलतो. त्याने त्यावर व्हॉट्सअॅपही सुरू केले तर आपले तिथले खातेही गेले. म्हणून गावी जातानाही मुदत पाहून रिचार्ज करावा. आणि गिऱ्हाइकांची नावे व नंबर कागदी वहीत उतरवून ठेवावेत. फोन चोरीला जातो, वही सहसा कोणी चोरत नाही.

सावध असावे

उघड्या नंबराला लबाडही फोन करतात. हल्ली एक प्रकार फार चालतो. 'मी लष्करात आहे, छावणीसाठी पन्नास डबे पाहिजेत, पैसे आगाऊ पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' असे सांगतात. स्कॅन करून पिन टाकली की पैसे येत नाहीत, आपलेच जातात. एक गोष्ट घरातल्या सर्वांना पाठ करून द्यावी : पैसे घ्यायला पिन लागत नाही. दुसरा प्रकार, '४०१ च्या मागेपुढे चांदणी लावून अमुक नंबर फिरवा' असे सांगतात. तसे केले की आपले फोन त्यांच्याकडे वळतात आणि त्यात ओटीपीचे फोनही जातात. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा. बाईमाणसाला कोणी त्रास देत असेल तर निरोप पुसू नयेत, पुरावा म्हणून ठेवून पोलिसांकडे जावे. तातडीला ११२ आहे.

पैसे घेण्यासाठी गिऱ्हाइकाला क्यूआरच दाखवावा. यूपीआयच्या पत्त्यात बँकेचा मोबाइल नंबर येत असेल तर दुसरा पत्ता निवडावा, नाहीतर लपवलेला नंबर पुन्हा उघडा पडतो.

आपणही मर्यादा पाळावी. अनोळखी लोकांच्या नंबरांच्या याद्या मिळवून जाहिरातीचे फोन किंवा एसएमएस पाठवू नयेत. फेब्रुवारी २०२५ च्या नियमांनुसार नोंदणीशिवाय असे केल्याच्या तक्रारी खऱ्या ठरल्या तर पहिल्या वेळी १५ दिवस जाणारे फोन बंद होतात, आणि पुन्हा घडल्यास सर्व जोडण्या वर्षभरासाठी तोडल्या जातात. जे गिऱ्हाईक आपण होऊन नंबर देते त्यालाच निरोप पाठवावा.

शेवटी त्या ताईंचे. मे महिन्यात पुतण्या आला तेव्हा काकू-पुतणे दोघे मिळून गॅलरीत गेले. आधी हरवलेले सिम परत मिळाले, मग दोघांच्या कागदपत्रांवर नंबर ताईंच्या नावावर झाला. पिशवीवरचा शिक्का तोच राहिला. सुटलेल्या बायकांना वहीतले नंबर पाहून ताईंनी एकेकीला स्वतः फोन केले. पुष्कळ परत आल्या, काही आल्या नाहीत. पुढच्या एप्रिलपर्यंत मशीनपाशी पुन्हा गाठोडी साचली.

आपल्याही घरात कोणी डबे करत असेल, शिवत असेल, शिकवण्या घेत असेल, वायरिंगची कामे करत असेल, तर येत्या सुटीच्या दिवशी चार प्रश्न विचारून पाहावेत. पत्रकावरचा नंबर कोणाच्या नावावर आहे? बँकेचा नंबर त्याहून वेगळा आहे का? रिचार्ज दिवसाला किती पडतो? गिऱ्हाइकांचे नंबर वहीत आहेत का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर काम करणाऱ्या माणसाचे नाव हे नसेल, तर सोमवारी सकाळी पहिले काम तेच करावे.